आगळ

कुंडईच्या कारखान्यात मी सिरप तपासतो.
दर तासाला एक बाटली, एक पट्टी, एक सही.
खोकल्याच्या औषधाला चेरीची चव असते म्हणे;
चेरी मी कधी खाल्लेली नाही,
पण आकडा जुळला की पेटी पुढे जाते.

मे महिन्यात रजा टाकून सावईवेऱ्याला येतो,
भिरंडांसाठी.
सुशांतीवहिनीने ती पहाटेच वेचलेली असतात,
पिकून काळपट लाल झालेली.
खारीने दात लावलेली आजच्या सरबताला,
धड असतील ती वर्षाला.

फळ दुभागायचं. साल इकडे,
बियांसकट गर तिकडे, मातीच्या बुडकुल्यात
(पितळेत ठेवलास तर हात तोडीन),
वर खडेमीठ.
किती?
तेवढं.
तेवढं म्हणजे किती?
वहिनी माझ्याकडे अशी बघते
जशी आमची मॅनेजर बघते
सहीची कोरी राहिलेली चौकट.

रातोरात रस सुटतो.
सालं त्यात बुडवायची, सुपात पसरायची,
वाळत आली की पुन्हा त्याच रसात.
सहा पुटं, सात पुटं,
ज्याचं पाणी त्यालाच पाजत राहायचं
काळंभोर होईस्तोवर.
ती सोलं. खाली उरतं ते आगळ.
बियासुद्धा टाकायच्या नाहीत,
त्यांचं तेल थंडीत टाचांना.

मागच्या वर्षी मी खिशातून पट्ट्या आणल्या होत्या.
एक बुडवली, तिचा रंग पाहिला.
"दोनच्याही खाली," म्हटलं.
"कोण दोन?"
तिने करंगळी बुडवून जिभेला लावली.
डावा हात आपोआप मिठाच्या मडक्याकडे गेला.
पट्टीला मीठ कळत नाही
हे मला शाळेपासून माहीत होतं.

ह्या फेब्रुवारीत तिला ताप आला.
ताप उतरला, खोकला गेला, माझंच सिरप घेऊन,
चव तेवढी परतली नाही.
चहा म्हणजे गरम पाणी,
सुंगटांची कढी म्हणजे वेगळं गरम पाणी.
घरात कुणाला बोलली नाही.
एकदा जेवताना दादा म्हणाला, मीठ जास्त पडलंय आज,
तर उठून विहिरीवर गेली.
घागर भरलेली होती.

काल तिने मला बुडकुल्यापाशी बसवलं.
"घाल करंगळी. सांग."
"आंबट."
"भिरंड आंबटच असतं रे. कसलं आंबट? बिंबलासारखं?"
"नाही. बिंबल सरळ अंगावर येतं."
"आणि हे?"
"हे आधी दात धरतं. मग कानामागे काहीतरी आवळतं."
"मागून गोड येतं का?"

इतका वेळ मी कुठल्याच चवीसाठी थांबलो नव्हतो.
"येतं," म्हटलं. "उशिरा.
उठून चपला शोधताना पाहुणा
खरं काम काढतो ना, तसं."
वहिनी हसली. मूठभर मीठ. ढवळ.
पुन्हा करंगळी. "आता?"
आता दात सुटले, घसा राहिला.
अर्धी मूठ. आता?
आता समुद्र आहे, पण लांब, रस्त्यावरून दिसतो तेवढा.
चिमूट. आता?

आता माझे शब्द संपले होते.
मी नुसता गिळत बसलो.
ती माझ्याकडेच बघत होती.

"पुरो," म्हणाली.
"मी काही बोललोच नाही."
"तुझा डावा डोळा मिटला.
बेताचं झालं की माझाही मिटायचा,
लग्नाच्या वर्षी तुझ्या दादाने सांगितलं होतं.
मी कुठे पाहिलाय!"

नऊ बाटल्या भरल्या.
हाताच्या सवयीने मी कागद चिकटवले:
तारीख, वजन, तपासणाऱ्याची सही.
पेन तिच्यापुढे धरलं.
"सही कसली," म्हणाली, "बुचं सैल आहेत,
आधी चिंध्या आण."